कर्करोग, आपले ताट आणि कालाम सुत्ताची कसोटी

आरोग्याचा विषय इतिहासाच्या शिक्षकाने का हाताळावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण एवढेच की, फळे-भाज्या आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी आज जे काही बोलले जाते, त्यातील बरेचसे अर्धे खरे आहे आणि ते अर्धे का खरे आहे हे समजून घ्यायचे असेल तर त्याचा इतिहासच तपासावा लागतो. वसतिगृहात भेटीच्या दिवशी पालक एकमेकांना सल्ले देतात. कोणी अमुक रस सांगतो, कोणी तमुक चूर्ण. मोबाइलवर रोज एखादे नवे फळ 'कर्करोगाचा शत्रू' म्हणून घोषित होते. या गोष्टी निरुपद्रवी असत्या तर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अशा सल्ल्यांवर विसंबून कष्टाचे पैसे खर्च होतात, तपासणी लांबणीवर पडते आणि ज्या सवयींमुळे खरोखर कर्करोग होतो त्या तशाच राहतात.

म्हणून प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. फळे व भाज्यांतील पोषक द्रव्ये कर्करोग टाळू शकतात, ही कल्पना कोठून आली? तिची परीक्षा झाली तेव्हा काय आढळले? आणि आपल्या घरातील व वसतिगृहातील ताटासाठी त्यातून कोणता बोध घ्यावा?

कर्करोग म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. पेशीने केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे याच्या सूचना तिच्या केंद्रातील डीएनए या द्रव्यात साठवलेल्या असतात. तंबाखूच्या धुरातील रसायने, काही विषाणू, किरणोत्सर्ग, दीर्घकाळचा दाह किंवा विभाजनाच्या वेळी आपोआप घडणाऱ्या चुका यांमुळे या सूचना बिघडतात. बहुतेक बिघाड शरीर स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्त न झालेले बिघाड वर्षानुवर्षे साचत गेले की एखादी पेशी कोणतेही बंधन न पाळता वाढू लागते. हाच कर्करोग. तो एका दिवसात होत नाही आणि त्याचे कारणही सहसा एकच नसते. पुढील विवेचनात ही बाब महत्त्वाची ठरणार आहे.

एका अपेक्षेचा इतिहास

१७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्याने स्कर्व्हीने आजारी असलेले बारा खलाशी निवडले. त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले ते झपाट्याने बरे झाले. इतका स्पष्ट पुरावा हाती असूनही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्वत्र देण्यास १७९५ साल उजाडले. पुढे १९१२ मध्ये कॅसिमिर फुंक यांनी अशा जीवनावश्यक अन्नघटकांसाठी 'व्हिटॅमिन' हा शब्द रूढ केला. स्कर्व्ही, बेरीबेरी, रातांधळेपणा हे रोग एकेका जीवनसत्त्वाच्या अभावाने होतात आणि ते द्रव्य मिळताच बरे होतात, हे सिद्ध झाले. विसाव्या शतकातील वैद्यकाचे हे मोठेच यश होते.

या यशातून एक विचारपद्धती रुजली : रोगामागे एका द्रव्याची उणीव असते, ते द्रव्य शोधा, त्याची गोळी करा, रोग जाईल. कर्करोगाकडेही याच दृष्टीने पाहिले गेले. १९८१ साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कर्करोगाच्या कारणांचा आढावा घेतला. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यूंचा संबंध आहाराशी असावा, असा अंदाज त्यांनी मांडला. तो अंदाज किती कच्चा आहे हेही त्यांनी लपवले नाही. प्रत्यक्ष प्रमाण १० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत कितीही असू शकेल, असे त्यांनी नमूद केले. त्याच वर्षी पीटो, डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रश्न उपस्थित केला. गाजर, पपई, हिरव्या पालेभाज्या यांत आढळणाऱ्या बीटा-कॅरोटीन या द्रव्यामुळे कर्करोगाचे प्रमाण कमी होऊ शकेल काय? भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता आणि ज्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक होते त्यांच्यातही तो कमी होता. तेव्हा प्रश्न रास्त होता.

फिनलंडमधील परीक्षा

प्रश्न रास्त असला तरी उत्तर गृहीत धरता येत नाही. भाज्या अधिक खाणारा मनुष्य बहुधा धूम्रपान कमी करतो, त्याची आर्थिक स्थिती बरी असते, तो डॉक्टरकडे वेळेवर जातो. मग त्याचे रक्षण भाजीने केले की अन्य गोष्टींनी? हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग असा की, मोठ्या संख्येने माणसे घ्यावीत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची गटांत विभागणी करावी, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यावी आणि अनेक वर्षे नोंदी ठेवाव्यात.

फिनलंडमध्ये हेच केले गेले. ५० ते ६९ वर्षे वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष या चाचणीत सहभागी झाले. त्यांच्यापैकी काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना केवळ निष्क्रिय गोळी पाच ते आठ वर्षे देण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वैद्यकविश्व चकित झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

हा योगायोग असेल, असे म्हणण्यासही फार काळ जागा उरली नाही. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामातील अशा १८,३१४ जणांवर बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व यांची चाचणी सुरू होती. जानेवारी १९९६ मध्ये ती नियोजित मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक दिसत होते. अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी सुमारे बारा वर्षे बीटा-कॅरोटीन घेतले किंवा निष्क्रिय गोळी घेतली. त्यांच्यात ना लाभ दिसला, ना हानी. पुढे ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या आणखी एका चाचणीतून २०११ साली निष्पन्न झाले.

फिनलंडच्या चाचणीतील एक तपशील मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांना निष्क्रिय गोळी मिळाली होती, त्यांच्यापैकी ज्यांच्या नेहमीच्या आहारात आणि रक्तात बीटा-कॅरोटीन मुळातच अधिक होते, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला होता. म्हणजे जेवणातून आलेल्या कॅरोटीनबरोबर कमी धोका दिसत होता आणि त्याच द्रव्याची मोठ्या मात्रेतील गोळी धोका वाढवत होती. भाजीत कॅरोटीन एकटे नसते. तिच्यात तंतू असतात, इतर शेकडो द्रव्ये असतात आणि ती खाणाऱ्याची एक जीवनपद्धतीही असते. गोळीत यांपैकी काहीच उतरत नाही.

या कथेला एक अपवाद आहे आणि तो आपल्यासारख्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चीनमधील लिनशियान या ग्रामीण भागात अन्ननलिकेचा व जठराचा कर्करोग फार होता आणि लोकांचा आहार अनेक जीवनसत्त्वांनी उणा होता. तेथे सुमारे तीस हजार प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्रितपणे अल्प मात्रेत घेणाऱ्या गटात कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. यावरून असे दिसते की, जेथे खरोखर उणीव आहे तेथे ती भरून काढणे उपकारक ठरू शकते. जेथे उणीव नाही तेथे अधिकाची भर घातल्याने लाभ होत नाही, प्रसंगी अपायच होतो.

कालाम सुत्ताची आठवण

याच इतिहासात आणखी एक प्रकरण आहे. लायनस पॉलिंग हे दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी होते. क जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रेने कर्करोगाचे रुग्ण अधिक काळ जगतात, असा त्यांचा ठाम दावा होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ साली तोंडावाटे क जीवनसत्त्व देऊन काळजीपूर्वक चाचण्या केल्या. त्यांत लाभ आढळला नाही. दावा करणारी व्यक्ती कितीही थोर असली तरी तेवढ्याने दावा सिद्ध होत नाही.

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. अंगुत्तर निकायातील या सुत्ताचा आशय आपणा सर्वांना परिचित आहे : केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात लिहिले आहे, तर्काला पटते आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. ती हितकारक आहे की अहितकारक हे पारखावे आणि सुज्ञ जनांचे मतही लक्षात घ्यावे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात आधुनिक वैद्यकशास्त्र शोधणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. तथापि, पारखून घेण्याची जी वृत्ती तेथे शिकवली आहे तिचाच वापर आज मोबाइलवर आलेल्या संदेशाबाबत व्हायला हवा. 'आमच्या नात्यातल्या एकाला गुण आला' हा पुरावा नव्हे. ज्यांना गुण आला नाही ते सांगायला येत नाहीत.

मग भाजीचा उपयोग काय?

गोळी हरली म्हणून भाजी हरली असे नाही. तिचे खरे स्थान मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

युरोपातील दहा देशांत पाच लाखांहून अधिक लोकांच्या आहाराची दीर्घकाळ नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यातून २०१० साली असे दिसून आले की, रोज २०० ग्रॅम फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत सर्व प्रकारच्या कर्करोगांचा एकत्रित धोका सुमारे ३ टक्क्यांनी कमी होता. हे प्रमाण अल्प आहे आणि ते अल्पच सांगितले पाहिजे. पण सर्व कर्करोग एकसारखे नसतात. तोंड, घसा, अन्ननलिका यांसारख्या अन्न व श्वास यांच्या मार्गातील काही कर्करोगांपासून भाज्या व फळे बहुधा संरक्षण देतात, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा २०१८ मधील निष्कर्ष आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत तंतुमय पदार्थांचे महत्त्व अधिक स्पष्ट आहे. २०११ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. आहारात रोज १० ग्रॅम तंतू अधिक असतील तर हा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसतो, असे त्यात आढळले. यात तृणधान्यांतील तंतूंचा वाटा मोठा आहे. म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी आणि डाळी-उसळी यांनाही भाजीइतकाच मान दिला पाहिजे.

हे कसे घडत असावे? तंतूंमुळे मळ आतड्यात फार वेळ साचून राहत नाही. आतड्यातील जिवाणू तंतूंपासून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात आणि ते आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. पालेभाज्या व डाळींतील फोलेट हे डीएनए तयार होण्यास आणि दुरुस्त होण्यास लागते. पेरू, आवळा, लिंबू यांतील क जीवनसत्त्व जठरात नायट्रोसामीन ही घातक द्रव्ये तयार होण्यास अडथळा आणते. मुळा, कोबी, फुलकोबी, मोहरीचा पाला या कुळातील भाज्या चिरल्या किंवा चावल्या की त्यांतून तिखट वासाची गंधकयुक्त द्रव्ये निर्माण होतात. ती शरीरातील विषारी पदार्थ निकामी करणाऱ्या विकरांना चालना देतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. प्रयोगशाळेत दिसलेले सारे माणसाच्या शरीरात तसेच घडते असे मात्र नाही, हे फिनलंडने शिकवलेच आहे.

आणखी एक लाभ अप्रत्यक्ष आहे. भाजी-फळांनी भरलेल्या ताटात तळलेले आणि गोड पदार्थ कमी मावतात. परिणामी वजन आटोक्यात राहण्यास मदत होते. अतिरिक्त चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी असल्याचे ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले. अतिआहाराने सुस्तावलेल्या प्रसेनजित राजाला तथागतांनी मात्रा जाणून भोजन करण्याचा उपदेश केला, राजाने हळूहळू भात कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले, ही संयुत्त निकायातील कथा मुलांना अवश्य सांगावी.

आपल्या बांधावरची भाजी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दहा वर्षांवरील प्रत्येकाने रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण ३५० ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी २५० ग्रॅम आहे. यात बटाटा धरत नाहीत. ढोबळमानाने दोन वाट्या शिजवलेली भाजी, एक वाटी कोशिंबीर आणि एक फळ असे हे माप होते. रस्सा भरपूर आणि त्यात बटाट्याच्या चार फोडी, ही भाजी या हिशेबात बसत नाही, हे वसतिगृहांच्या व्यवस्थापनाने आणि आपण शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे.

महागाईत एवढे कसे परवडावे, ही पालकांची अडचण खरी आहे. पण महागडी परदेशी फळे आवश्यक नाहीत. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते. बोरे, जांभळे, पपई, केळी, आवळे ही आपल्या भागातील फळे त्या-त्या हंगामात स्वस्त असतात. पालेभाज्यांविषयी तर आपल्या आई-आजींना पुष्कळ माहिती होती. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू, तरोटा, अंबाडी, शेवग्याचा पाला या भाज्यांनी भूमिहीन कुटुंबांना कठीण काळात जगवले. दारिद्र्याची खूण समजून पुढच्या पिढीने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि त्याच भाज्या आता शहरातील रानभाजी महोत्सवांत कौतुकाने विकल्या जातात. गरिबीची लाज वाटण्याचे कारण नव्हते आणि या भाज्यांची तर मुळीच नव्हती. मात्र रानभाजी जाणकाराकडून ओळखूनच घ्यावी आणि तणनाशक फवारलेल्या बांधावरची खुडू नये.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेले पाणी फेकू नये. गाजर, पालेभाज्या व टोमॅटो यांतील रंगद्रव्ये थोड्या तेलात शिजवल्यावर शरीरात अधिक चांगली शोषली जातात. म्हणून सर्व काही कच्चेच खावे हा आग्रहही अनाठायी आहे.

भाजी जे करू शकत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०० ग्रॅम भाजीने कर्करोगाचा एकूण धोका ३ टक्क्यांनी कमी होत असेल, तर सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या तुलनेत अमेरिकेतील नोंदींनुसार १५ ते ३० पट असतो. ही दोन मापे शेजारी ठेवली की बाकी काही सांगावे लागत नाही. तंबाखू खाऊन वर भाजी खाल्ल्याने हिशेब फिटत नाही.

आपल्याकडे हे संकट धुरापेक्षा तोंडात धरलेल्या तंबाखूचे अधिक आहे. गुटखा, मावा, खर्रा, मिश्री यांपैकी एखादी गोष्ट कितीतरी घरांत आहे आणि मिश्री तर घरातील स्त्रियांच्या हाती आहे. तंबाखू नसलेली सुपारीही निर्दोष नाही. सुपारी मनुष्यात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष ल्योनच्या संस्थेने २००३ सालीच काढला. मद्यालाही तिने १९८८ मध्ये त्याच वर्गात टाकले आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पुडी कोठे मिळते हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पंचशीलातील पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतील मद्यत्यागाची प्रतिज्ञा आपण वंदनेच्या वेळी उच्चारतो. त्या शीलाचा अर्थ तंबाखू-सुपारीपर्यंत नेण्यास आपल्याला कोणाची अनुमती हवी आहे?

भाजी तपासणीची जागाही घेऊ शकत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रामुख्याने एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि त्यावर लस उपलब्ध आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,००० हून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासातून २००९ साली सिद्ध झाले की, एचपीव्हीची एकदाच केलेली चाचणीदेखील या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणू शकते. आपल्याच भागातील स्त्रियांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे. तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, स्तनात गाठ लागत असेल, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल तर रस-चूर्णांत एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठावे. उपचार सुरू असताना जीवनसत्त्वांच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

उपसंहार

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पूर्वजांना मृत जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. तो प्रश्न स्वाभिमानाचा होता. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यात पोटाची भ्रांत आणि गावाचा रोष, एवढे सारे असूनही लोकांनी ते सोडून दाखवले. पुढे दीक्षाभूमीवर लाखोंनी आपले अवघे जीवन नव्याने मांडले. ज्या समाजाने एवढे बदल निश्चयाने घडवले, त्याला तंबाखूची पुडी सोडणे अशक्य आहे असे मी मानत नाही.

या विद्यालयातून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी परिचारिका, कोणी शेतकरी, कोणी अधिकारी. त्यांना एक सुचवावेसे वाटते. विद्यालयाला भेट देताना मिठाईच्या खोक्याऐवजी हंगामी फळांची पाटी आणावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी परसबागेसाठी बी-बियाणे आणि पाण्याची सोय करावी. डॉक्टर असलेल्यांनी वर्षातून एकदा पालकांच्या तोंडाची तपासणी करावी. आणि पालकांनी मुलाला भेटायला येताना खिशातील पुडी फाटकाबाहेर टाकून द्यावी, ती परत जाताना पुन्हा विकत न घेण्याच्या निश्चयाने.

जय भीम! नमो बुद्धाय!